टायगर रणगाड्यातला ‘हर्मन’ आणि आपल्या नगरचे रणगाडे

वेशीबाहेरची

मंडळी, विषय भुताटकीचा आहे, पण धागा मुद्दाम इतिहासाच्या विभागात काढतेय. कारण खाली येईलच.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टनची लष्करी छावणी आहे. पहिल्या महायुद्धापासून ब्रिटिश रणगाडा दलाचं शिक्षण इथंच चालतं. छावणीला लागून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९४७ पासून लोकांना खुलं. १९१५ सालचा ‘लिटल विली’, म्हणजे रणगाड्याचा अगदी पहिला नमुना, तिथं आहे. पण सगळ्यात जास्त गर्दी असते ती टायगर १३१ भोवती. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर, वजन पन्नास टनांच्या वर, ८८ मिलिमीटरची तोफ. आजही स्वतःच्या इंजिनावर चालणारा जगातला हा एकमेव टायगर १ आहे असं संग्रहालय सांगतं.

भुताची गोष्ट याच टायगरची. दारं बंद झाली की रणगाड्याच्या आसपास जर्मन वर्दीतला एक माणूस दिसतो म्हणे. कुणी तो खिडकीतून डोकावताना पाहिल्याचं सांगतं, कुणी रिकाम्या दालनात पावलं वाजल्याचं. त्याचं नाव पडलंय ‘हर्मन द जर्मन’. याच परिसराची दुसरी गोष्ट टी. ई. लॉरेन्सची, अरबस्तानातल्या बंडामुळे गाजलेल्या त्याच लॉरेन्सची. तो १९२३ मध्ये नाव बदलून बोव्हिंग्टनला साधा शिपाई म्हणून राहिला होता. पुढे १९३५ च्या मे महिन्यात जवळच्याच रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात सापडला आणि छावणीच्या इस्पितळात वारला. पहाटे त्याच्या गाडीचा आवाज ऐकू येतो असं तिथले जुने लोक सांगतात.

मी साऊदॅम्प्टनला राहते, त्यामुळे बोव्हिंग्टन जवळच आहे. हर्मनची गोष्ट ऐकल्यावर टायगरचा इतिहास नीट वाचला आणि एका जागी अडकले. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यांशी चकमक झाली. सहा पौंडी तोफेचा एक गोळा टायगरच्या तोफेच्या नळीखाली घासून बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, कड्यात घुसला आणि बुरूज फिरेनासा झाला. आणखी एका गोळ्यानं तोफ वर-खाली करायची यंत्रणा निकामी केली, तिसऱ्याच्या ठिकऱ्या आत उडाल्या. आतले लोक बाहेर पडले आणि आपल्या जखमींना घेऊन निघून गेले. मागे रणगाडा राहिला, तोही चालू शकेल अशा अवस्थेत. या टायगरच्या पोटात कुणी मेल्याची नोंद नाही. पुढे ट्युनिसला राजे सहावे जॉर्ज आणि पंतप्रधान चर्चिल यांनी तो पाहिला, त्याच वर्षी तो इंग्लंडला आला आणि १९५१ साली संग्रहालयात दाखल झाला.

गोळ्याचे ते ओरखडे आजही दिसतात. नळीच्या खालच्या अंगाला धातू खरवडून गेलाय, तिथून नजर खाली सरकवली की गोळा कुठं जाऊन रुतला ते बरोबर कळतं. मी तिथं बराच वेळ उभी होते.

मग मला प्रश्न पडला. ज्या रणगाड्यातून सगळे बाहेर पडले त्याला भूत चिकटलं, त्या भुताला नावसुद्धा मिळालं. जगातल्या इतर संग्रहालयांत असे कितीतरी रणगाडे आहेत ज्यांच्या आत माणसं खरोखर मेली. त्यांच्याबद्दल कुणी काही सांगत नाही. मी मूळची नगरची. आमच्या नगरलाही रणगाडा संग्रहालय आहे. लहानपणापासून तिथं जातेय, भुताचा एक शब्द कधी कानावर आला नाही. असं का होत असेल? मनापासून विचारतेय. अनुभव असतील तर तेही लिहा, इथं कुणी कुणाला खोटं पाडणार नाही.

सांगलीचा_फिटर

ताई, छान लिहिलंत. मी कारखान्यात आयुष्य काढलंय, त्यामुळे आवाजांबद्दल बोलतो.

मोठी शेड रात्री कधीच गप्प नसते. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन आखडतं. ३० मीटर लांबीचा छताचा पत्रा संध्याकाळनंतर १५ अंशांनी गार झाला तर जवळपास साडेपाच मिलिमीटर आखडायला बघतो. बोल्ट त्याला धरून ठेवतात. ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतो, ‘टण्ण’. हे सलग होत नाही, थांबून थांबून होतं, म्हणून पावलांसारखं वाटतं. रणगाडा स्वतः जाड, तो सावकाश गार होतो. छताचा आवाज थांबल्यावर मध्यरात्रीनंतर त्याची पाळी येते. टायगरला टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेणाऱ्या पोलादी कांबी, त्यांच्यावर अख्खं धूड तोललेलं असतं. जुनं ग्रीस, झिजलेली बुशं, कुठंतरी केसभर सरकलं की आवाज सगळ्या चौकटीतून घुमतो. आत पोकळी, बाहेर जाड चिलखत. आवाज कुठून आला ते कानाला ठरवता येत नाही.

रात्रपाळीला नवीन पोरगा आला की पहिला आठवडा तो दचकतोच. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. आवाज खराच असतो.

आता ‘दिसण्या’बद्दल. इंग्लंडमध्येच कॉव्हेंट्रीला व्हिक टँडी नावाचे अभियंते होते, वैद्यकीय उपकरणांच्या प्रयोगशाळेत काम करायचे. तिथं लोकांना अस्वस्थ वाटायचं, थंडी वाजायची. एका रात्री टँडींना स्वतःलाच डोळ्याच्या कोपऱ्यात करड्या रंगाची आकृती दिसली. वळून बघितलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलं आणि हात न लावता पातं थरथरू लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं की नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लाट उभी राहत होती. माणसाला साधारण २० च्या खालचं ऐकू येत नाही, अंगाला मात्र जाणवतं. पंख्याची बैठक बदलली आणि आकृती गेली. १९९८ साली त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. संग्रहालयाच्या दालनांतही हवा खेळती ठेवणारे पंखे असतातच. मी बोव्हिंग्टनला गेलेलो नाही, त्यामुळे तिथं हेच घडतं असं म्हणणार नाही. पण मला विचाराल तर आधी पंखे बंद करून बघा म्हणेन.

कुडाळची_वेणू

फिटरदादा, तुमचं सगळं पटलं आणि तरी माझं समाधान झालं नाही.

आमच्याकडे कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो तिथं मेलेलाच असतो असं नाही. जागेवर, वस्तूवर ज्याचा जीव जडला तो राहतो. गाऱ्हाणं घालताना आम्ही त्याला आधी विचारतो, मग काम सुरू करतो. टायगरमधले पाच जण त्यात राहत होते, जेवत होते, त्याच्या आडोशाला झोपत होते. परक्या मुलुखात तेच त्यांचं घर होतं. घर सोडून पळावं लागलं. मेले असतील ते पुढे कुठंतरी, पण मन कुठं अडकलं असेल ते कोण सांगणार? वेशीबाहेरचीचा प्रश्न ‘कुणी मेलं नाही तर भूत कसं’ असा असेल तर माझं उत्तर हे आहे.

आवाजाचं कारण सापडलं म्हणजे सगळंच सापडलं असं मला वाटत नाही. तुम्हाला दुखवायचा हेतू नाही.

सांगलीचा_फिटर

वेणूताई, दुखवायचा प्रश्नच नाही. आमच्याही शेडमध्ये नव्या मशीनला नारळ फोडल्याशिवाय बटण दाबत नाहीत, आणि तो मीच फोडतो.

पेठेतला_वाचक

वेणूताईंच्या बाजूनं एक माहिती देतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबरातल्या जुन्या तळघरांत शेकडो लोकांना फिरवून त्यांचे अनुभव नोंदवले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कोपऱ्यांची ख्याती वाईट होती तिथंच लोकांना जास्त विचित्र वाटलं, आणि ती ख्याती आधी ठाऊक नसलेल्यांनाही वाटलं. म्हणजे ‘ऐकून ऐकून वाटतं’ एवढ्यावर विषय संपत नाही. त्या जागेत काहीतरी असतंच. अभ्यासकांनी बोट ठेवलं ते अंधार-उजेडाच्या फरकावर, जागेच्या आकारावर, चुंबकीय चढउतारांवर.

आता रणगाड्याचं दालन डोळ्यांसमोर आणा. शेकडो टन पोलाद एका छताखाली. रणगाड्याजवळ होकायंत्राचा काटा भरकटतो, त्यामुळे भूत शोधायला आलेल्यांच्या चुंबकीय मापकांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. दिवे मंद, ठिकठिकाणी गडद सावल्या, आणि माणसाच्या उंचीवर टोकदार लोखंडी आकार. हर्मन ट्युनिशियातून आला की इथल्या सावल्यांतून, ते ठरवणं कठीण आहे.

सवार_निवृत्त

राम राम मंडळी. आर्मर्ड कोअरमध्ये नोकरी झाली, त्यातली काही वर्षं नगरच्या सेंटरमध्ये. टी-५५ आणि विजयंता, दोन्ही गाड्यांवर, म्हणजे रणगाड्यांवर, काम केलं.

रात्रीच्या गार्डला टँकांच्या रांगेत आम्हीही फिरलो. फिटरसाहेब म्हणतात ते आवाज रोजचे. उन्हात तापलेली गाडी अर्धी रात्र बोलत असते. शिवाय वास. बंद टँकची हॅच, म्हणजे आत शिरायचं झाकण, उघडली की आतून डिझेल, ग्रीस, जुना रंग, कॅनव्हास आणि घाम यांचा एकत्र भपकारा येतो. पन्नास वर्षं उभ्या असलेल्या गाडीतूनही येतो. तो वास आला की नवा माणूस म्हणणारच, आत आत्ता कुणीतरी होतं.

भीती म्हणाल तर टँकमध्ये भुताची वाटत नाही. आत बसल्यावर गुडघा हलवायला जागा नसते, लोडरच्या, म्हणजे तोफ भरणाऱ्याच्या, हाताखाली दारूगोळा आणि पायाखाली इंधन. भीती आगीची. आमचे उस्ताद पहिल्या दिवशी गाडी चालवायला शिकवत नसत. आधी बाहेर कसं पडायचं ते शिकवत. डोळे बांधून, पुन्हा पुन्हा.

ताईंनी विचारलंय म्हणून सांगतो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, १७ हॉर्स, म्हणजे आपली पूना हॉर्स. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं आणि १६ डिसेंबरला पाकिस्तानविरुद्ध बसंतरच्या लढाईत गेले. वय २१. त्यांच्या सेंच्युरियन टँकचं नाव ‘फामागुस्टा’. गाडीनं पेट घेतला तेव्हा बाहेर पडायचा हुकूम आला होता. त्यांनी उलट कळवलं की तोफ अजून चालतेय, मी गाडी सोडणार नाही. परमवीर चक्र मिळालं. त्याच गाडीत त्यांचा रेडिओ ऑपरेटर सवार नंदसिंगही गेला. युद्धानंतर गाडी परत आली, दुरुस्त झाली आणि नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलीय.

त्या गाडीजवळून जाताना आम्ही सॅल्यूट करायचो. कुणी सांगितलेलं नव्हतं. भूत-बित कधी मनातही आलं नाही. ज्याचं नाव, नंबर, तारीख, वेळ सगळं पलटणीला पाठ आहे त्याचं भूत कसं होईल? तो तर हजेरीत आहे.

वेशीबाहेरची

काका, हे वाचून थांबले थोडा वेळ. ‘तो तर हजेरीत आहे’. माझ्या प्रश्नाचं मला हवं ते उत्तर हेच.

हर्मन हे कुणाचंच नाव नाही. टायगरमधल्या कुणालाही बोव्हिंग्टनमध्ये कोणी ओळखत नव्हतं, म्हणून कुणालाही लावता येईल असं एक नाव लावलं गेलं. नंदसिंगला मात्र नाव आहे आणि ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. नगरमध्ये वाढूनसुद्धा. खेतरपालांचं नाव शाळेत शिकवलं होतं, त्यांच्या शेजारी बसलेल्याचं नाही.

अपशिंगेकर

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्या आठवणीचा दगड गावात आहे. घराघरातून फौजी निघतो. आम्हाला लहानपणी मेलेल्या शिपायांची भीती कुणी घातली नाही.

जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ पाहिले असतील तुम्ही. खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, त्याच्या वर दोन अप्सरा त्याला हाताला धरून नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाय सोडवताना मेलेला गुराखी असो की किल्ल्यावर पडलेला सरदार, त्याला दगड मिळायचा. होळीला काही ठिकाणी घरातले वीर नाचवतात. नाशिकला दाजीबा वीराची मिरवणूक निघते. ज्याला दगड मिळाला, वर्षातून एकदा शेंदूर मिळाला, तो वीर. ज्याला काहीच मिळालं नाही तो वेशीवर अडतो असं आमची आजी म्हणायची.

फौजेतही तेच आहे. नथुला भागात बाबा हरभजनसिंगांचं मंदिर आहे, २३ पंजाबचे शिपाई, १९६८ साली गेले. त्यांचा गणवेश इस्त्री होतो, बिछाना घातला जातो. अरुणाचलात जसवंतगडावर ४ गढवाल रायफल्सचे जसवंतसिंग रावत, १९६२ च्या लढाईत गेलेले, त्यांचीही तशीच देखभाल होते. जवान सांगतात की ते रात्री पहाऱ्यावर फिरतात. हे ऐकताना कुणी घाबरत नाही, उलट तिथल्या पहारेकऱ्याला धीर येतो. इंग्लंडमध्ये याच गोष्टीला ‘हॉन्टेड’ म्हटलं असतं.

कुडाळची_वेणू

अपशिंगेकरदादा, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. मग हर्मनलाही कुणीतरी एक नारळ द्यायला हवा.

उडती_गोष्ट

रणगाडा नाही पण विमान चालेल का? इंग्लंडमध्येच कॉसफर्डला हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथलं लिंकन जातीचं बॉम्बफेकी विमान, क्रमांक आरएफ ३९८, अशाच गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. १९८० नंतरच्या काळात हँगरमध्ये वैमानिकासारखी आकृती दिसल्याच्या, शीळ ऐकू आल्याच्या गोष्टी पसरल्या. लोकांनी रात्री कॉकपिटमध्ये ध्वनिमुद्रक ठेवले आणि त्यावर खटक्यांचे, यंत्रांचे आवाज आल्याचं सांगितलं.

वेशीबाहेरची, तुमच्या मुद्द्याला हे धरूनच आहे. हे लिंकन युद्धात उडालंच नाही. तयार झालं तोवर महायुद्ध संपलं होतं. शत्रूच्या गोळीचा ओरखडाही त्याच्यावर नाही.

पेठेतला_वाचक

मग उलट उदाहरणही बघा. फ्रान्समध्ये काँब्रेजवळ फ्लेस्किएर नावाचं खेडं आहे. २० नोव्हेंबर १९१७ ला काँब्रेच्या लढाईत मार्क ४ जातीचा एक ब्रिटिश रणगाडा गावात शिरला आणि गोळे लागून उद्ध्वस्त झाला. नाव ‘डेबोरा’, क्रमांक डी ५१. आतले पाच जण गेले. रणगाडा जमिनीत गाडला गेला. पुढे गावच्याच परिसरातल्या एका इतिहासप्रेमी गृहस्थांनी वर्षानुवर्षं शोध घेऊन तो १९९८ मध्ये जमिनीतून वर काढला. पुढचा भाग फाटून उघडा पडलाय, जाड पत्रा कागदासारखा दुमडलाय. २०१७ साली, लढाईला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याच्यासाठी संग्रहालय उघडलं. शेजारीच दफनभूमी आहे आणि डेबोराचे ते पाच जण तिथंच पुरलेले आहेत. प्रत्येकाच्या दगडावर नाव आहे.

तिथल्या भुताची गोष्ट मी तरी कुठं वाचलेली नाही.

बोव्हिंग्टनबद्दल अजून एक. पहिल्या महायुद्धानंतर तिथं मोडके रणगाडे गंजत पडले होते. १९२३ साली रडयार्ड किपलिंग छावणीत आले, त्यांनी हे पाहून संग्रहालय करा असं सुचवलं. किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्यांचा एकुलता मुलगा जॉन १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. वडिलांनी पुष्कळ शोधलं, मृतदेह त्यांच्या हयातीत सापडला नाही. ओळख न पटलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर ‘देवाला ठाऊक’ अशा अर्थाचे जे शब्द कोरतात ते किपलिंगनीच निवडून दिले. ज्या बापाला मुलाचं थडगं मिळालं नाही, त्यानं गंजत्या रणगाड्यांकडे बघून ‘हे जपा’ म्हटलं, ही मला बोव्हिंग्टनची खरी गोष्ट वाटते. हर्मनपेक्षा कितीतरी मोठी.

रात्रीचा_प्रवासी

मी इंग्लंडमध्ये एका जुन्या वास्तूत भूतशोधाच्या रात्री पैसे भरून गेलो होतो. जागेचं नाव देत नाही. अंधारात वर्तुळ करून बसवलं, ‘कुणी आहे का, टकटक कर’ असं एक बाई मोठ्यानं विचारत राहिल्या. टकटक झाली की सगळे खूश. मेला तो कोण होता, कुठल्या गावचा, घरी कोण होतं, हे एकानंही विचारलं नाही. मेलेल्या माणसाशी असं बोलतात का? मला फार वाईट वाटलं. मी मधूनच उठून बाहेर गेलो.

सवार_निवृत्त

प्रवासीसाहेब, बरोबर केलंत.

खेतरपालांच्या बाबतीतली एक गोष्ट सांगतो, फौजेत सगळ्यांना माहीत आहे, बाहेर कमी. त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल मूळचे सरगोध्याचे. २००१ साली वयाच्या ऐंशीनंतर जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी त्यांना घरी उतरवून घेतलं, फार आपुलकीनं वागवलं. परतायच्या आदल्या रात्री नासरसाहेबांनी सांगितलं की बसंतरला तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. दोघंही रणगाड्यांतले, दोघंही समोरासमोर लढले होते.

तीस वर्षं तो माणूस हे मनात घेऊन जगला. तुम्ही भूत म्हणता ना, ते असतंच तर अशा ठिकाणी असतं. हँगरमध्ये नाही.

वेशीबाहेरची

काका, यावर काय लिहू. वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि शांतपणे निरोप घेतला असं मी नंतर वाचलं.

आता थोडं माझ्या गावाबद्दल, कारण बऱ्याच जणांना नगरचं संग्रहालय ठाऊकच नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं ते १९९४ मध्ये उभारलं. बरेचसे रणगाडे उघड्यावर झाडांखाली उभे आहेत, अंधारी दालनं फारशी नाहीत. सावल्यांना वावच कमी, हेही एक कारण असेल बघा फिटरदादा. महायुद्धातले ब्रिटिश रणगाडे आहेत, जपानी आहेत, जर्मन तोफ आहे. सगळ्यात जुन्या गाड्यांपैकी रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, ‘सिल्व्हर घोस्ट’च्या सांगाड्यावर बांधलेली. १९६५ मध्ये पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन रणगाडा आहे.

जर्मन माणसांचाही नगरशी संबंध आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना नगरच्या छावणीत डांबलं होतं. त्यातले काही इथंच गेलेही असतील. त्यांच्या भुतांच्या गोष्टी माझ्या तरी कानावर आल्या नाहीत, आणि दुर्दैवानं त्यांची नावंही नाहीत.

वेणी_फणी

सगळा धागा एका दमात वाचला. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, रणगाड्यांचं भयंकर वेड. दिवाळीच्या सुट्टीत नगरला न्यायचा विचार आहे. त्याला यूट्यूबवरून हर्मन माहीत आहे आणि त्याचा पहिला प्रश्न असणार, इथं भूत आहे का. काय सांगू? आणि काय दाखवू? मला स्वतःला रणगाड्यांतलं ओ की ठो कळत नाही.

सांगलीचा_फिटर

ताई, त्याला सांगा की कान लावून ऐक. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सावलीकडच्या बाजूला उभं राहायचं. ढग आला की पत्रा वाजतो. का वाजला ते त्यालाच शोधू दे. उन्हात तापलेल्या पोलादाला हात मात्र लावू देऊ नका, चटका बसतो.

कुडाळची_वेणू

आणि आत शिरायच्या आधी एकदा हात जोडायला सांगा. कारण विचारलं तर हा धागा वाचून दाखवा.

सवार_निवृत्त

वेणी_फणी ताई, हे दाखवा.

आधी पॅटन. त्याला विचारा, एवढी मजबूत गाडी पकडली कशी गेली? मग सांगा की सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं, उसाच्या उभ्या पिकात टँक लपवले आणि पॅटन चिखलात रुतले. तिथंच ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस तोफेनं टँक उडवत राहिले आणि १० सप्टेंबरला गेले. परमवीर चक्र. टँकच्या अंगावर मार लागल्याच्या खुणा कुठं दिसतात का ते त्याला हुडकायला लावा, मुलांना ते आवडतं.

मग कुठल्याही टँकच्या ड्रायव्हरची हॅच. किती लहान आहे ते बघायला सांगा. पेटलेल्या गाडीतून त्यातून बाहेर यायचं असतं.

मग पूना हॉर्सचं नाव जिथं दिसेल तिथं थांबा. त्या पलटणीला दोन परमवीर चक्रं आहेत. एक खेतरपाल, दुसरे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, १६ सप्टेंबर १९६५ ला चविंडाच्या लढाईत गेले, त्यांचा टँक ‘खुशाब’. तारापोर आडनाव आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचं.

भूत आहे का विचारलं तर मी माझ्या नातवाला जे सांगितलं ते सांगा. म्हणालो, नाही रे, इथं सगळ्यांची नावं लिहिलेली आहेत, वाचून बघ. त्यानं खरंच एकेक पाटी मोठ्यानं वाचली. सवार नंदसिंगचं नाव पाट्यांवर सापडलं नाही म्हणून मला विचारत होता. ते मी त्याला वहीत लिहून दिलं. तुमच्या मुलालाही लिहून द्या. ड्रायव्हर प्रयागसिंग आणि गनर नथुसिंग, ही दोघांची नावंही लिहा. ते वाचले होते.